बिनसहीची खोकी

९ जानेवारी
आज पेपरात आलं! ‘धैर्यशील यांची अभिनव कल्पना.’ — कल्पना माझी! पेढ्याच्या खोक्यात दोऱ्याचा गुंडा आणि चिठ्ठी : एक टोक आपल्या दाराला बांधा, दुसरं शेजाऱ्याच्या. चहा-वड्याच्या किमतीत कला. गंगावेशीत, दूधकट्ट्यावर मी हे बोलले, तेव्हा हा धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावून ऐकत होता.

विचारलं तर म्हणतो, “पेपरवाल्यानं लिवलं, मी काय करू? आपण सहीच करत न्हाय की!”

आमच्या गटाचं नावच ‘बिनसही’. पाच जणांनी एका ओळीत बसून खोकी करायची, कुणाचं काय ते कुणाला सांगायचं नाही. नियम त्याचाच. सोयीचा!

१२ जानेवारी
बोलले नाही त्याच्याशी. तो तळाचे कागद चिकटवत होता, मी दोरे गुंडाळत होते. शीळ घालत होता मेला.

२० जानेवारी
प्रसेनजीत चिठ्ठ्या छापतो, त्याची नजर बारीक. खोकं उन्हात तिरपं धरून म्हणाला, “तेजस्वी, बघ. तळाच्या कागदाखाली पेन्सिलीचं वळ हाईत. कायतरी लिवलंय.”

तळ फक्त धैर्यशील चिकटवतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

२१ जानेवारी
बैठक. मीच बोलावली. सगळ्यांदेखत विचारलं, “खाली नाव लिहिलंस का?”

“व्हय. लिवलंय.” मान खाली.

प्रसेनजीत म्हणाला, “एक फोडून बघूया की.” मीच नको म्हटलं. झालेलं खोकं फोडायचं नाही, हाही नियमच. आणि बघायचं काय? कबूलच झालाय! त्याला गटातून काढायला पहिला हात माझा. मग बाकी तिघांचे.

जाताना म्हणतो कसा, “दोरं जरा सैल गुंडाळ. गाठी पडत्यात.” निर्लज्ज! ब्याद टळली.

२९ जानेवारी
तळ आता मी चिकटवते. एकही सरळ बसत नाही. राग त्याचाच येतो.

२ फेब्रुवारी
शिल्लक खोक्यावर तांब्या लवंडला. तळाचा कागद सुटला. खाली पेन्सिलीनं, त्याच्या अक्षरात — ‘कल्पना : तेजस्वी.’ तारीख डिसेंबरची. पेपरात येण्याआधीची!

नियम मोडून दुसरं फोडलं. मग तिसरं. त्याच्या हातची उरलेली सगळी फोडली. सगळ्यांत माझंच नाव.