मोइनोकचे पाय

सोन-कोलचं कुरण,
१२ जून १९९८

ती. बुरुल एजेस,
धाकट्या भावाचा, कुबातचा सलाम. वि. वि. पत्र सापार ड्रायव्हरच्या हाती देतोय. गावातला फोन तीन वर्षं मुका आहे आणि इथे वर तर फोनचं नावच नको. तरी तू दर वेळी 'कळवलं का नाहीस' म्हणून माझ्यावरच ओरडतेस.

आई, आपली आपा, बरी आहे. म्हणजे हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर पडली तेव्हापासून आहे तशीच. कंबरेखाली काही हलत नाही, तोंड मात्र दुप्पट चालतं. तंबूच्या दाराशी तिची गादी टाकली आहे, तिथून मेंढ्यांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांवर हुकूम सोडते.

वाईट बातमी तिच्या कुत्र्याची, मोइनोकची. कळप घेऊन वर येताना सडकेवर त्याला भंगार नेणाऱ्या ट्रकने उडवलं. मागचे दोन्ही पाय गेले, लुळे लोंबतात. पुढच्या पायांवर अंग फरफटत येतो आणि मागे रक्ताची रेघ उमटते. मी बंदूक काढली. मेंढपाळाच्या कुत्र्याला आणखी काय देणार? तर आपाने असा आरडाओरडा केला की शेजारच्या तंबूतली माणसं धावत आली. म्हणाली, पाय गेलेल्याला गोळी घालायची असेल तर आधी मला घाल, मी वयाने मोठी आहे. आता बोल!

कारखाना बंद पडल्यापासून तू लुळ्या कुत्र्यांना चाकांच्या गाड्या करून देतेस, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की शिवणकाम करते म्हणतो. पण आपाचा हुकूम आहे, तेव्हा नाक मुठीत धरून लिहितोय. एक गाडी पाठव. सोबतच्या दोरीला गाठी मारल्या आहेत. पहिली गाठ जमिनीपासून जांघेपर्यंत, दुसरी पाठीच्या रुंदीची.

तुझ्या भावजयीचा, मैरामचा सलाम. लोभ आहेच, तू चिडलीस तरी राहील.

तुझा,
कुबात

---

बिश्केक,
१९ जून

चि. कुबात यास,
अ. उ. आ. शिवणकाम! बरं बाबा, शिवणकाम. आजच एका निवृत्त जनरलच्या बायकोच्या कुत्र्याला गाडीत घातलं, तर ती बाई गॅरेजमध्ये फतकल मारून रडायला लागली. तुझ्या गावातल्या किती शिंप्यांसाठी गिऱ्हाईक रडतं, विचारून ये.

तुझ्या गाठींवरून गाडी केली आहे. नळी हलकी आहे, चाकं जाड, गोट्यांवरून जातील अशी. आता नीट कान देऊन वाच. गाडीत असताना त्याला निजता येत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढायचा. लघवी त्याची त्याला होत नाही. सकाळ-संध्याकाळ पोट हाताने हलकं दाबून करवायची, नाहीतर आत कुजून मरेल. मैरामच्या गळ्यात टाकू नकोस, तू कर. तुझे हात काही सोन्याचे नाहीत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रोज संध्याकाळी पट्टे सोडून त्याचे मागचे पाय बघायचे. बोटांच्या मधे, घोट्याशी, मांडीत. तिथे त्याला काही कळत नाही रे. पट्टा घासून हाड दिसलं तरी हा जीभ काढून तुझ्याकडे बघत बसेल. दुखत नाही म्हणून तो ओरडणार नाही, म्हणून तुलाच बघायचं. जादा पट्टे दोन ठेवले आहेत.

सापारकडे आणखी एक डाग आहे, तो आपासाठी. चाकांची खुर्ची केली आहे, तीच नळी, तशीच जाड चाकं, बसायला लोकर दाबून केलेला लाल नमदा. हात चांगले आहेत तिचे, आपली आपण ओढ्यापर्यंत जाईल. हिवाळ्यापासून तिने दारापलीकडचं काही पाहिलेलं नाही, या विचाराने माझा जीव तुटतो.

मैरामला आणि पोरांना आशीर्वाद. लोभ करतोस त्याहून थोडा जास्त कर.

तुझी एजे,
बुरुल

---

सोन-कोल,
३ जुलै

ती. एजेस,
कुबातचा सलाम. वि. वि. गाडी पोचली आणि कुरणावर जत्रा भरली! मोइनोकला पट्ट्यांत अडकवला, तर आधी पुतळ्यासारखा उभा. मग चाक जरा सरकलं, त्याला वाटलं मागून कुणीतरी आलं, म्हणून पळाला. गाडीही मागे पळाली! तो जो सुटला तो थेट कळपात, आणि मेंढ्या चारी दिशांना. त्या गोळा करता करता माझा जीव गेला. आपा हसून हसून लोळली. हिवाळ्यानंतर ती हसताना पहिल्यांदा पाहिली, खोटं कशाला सांगू.

आता तो रोज कळपाबरोबर जातो. तुझं सगळं करतोय मी. संध्याकाळी कंदील घेऊन त्याचे पाय बघतो, बोटं फाकवून बघतो, चरबी चोळतो. माझ्या पोरांची नखं मी इतकी निरखली नाहीत. एक ओरखडा नाही, येऊन बघ.

पण एजे, ती खुर्ची. तोच पट्टा, तीच नळी, तीच चाकं! आईला कुत्र्याचं जू पाठवलंस? शेजारचा म्हातारा म्हणाला, वा, कुबात, दोघांना एकाच खटाऱ्याला जुंपणार का? मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपा घोड्यावर बसून पाच डोंगर ओलांडलेली बाई. तिला बाजारातल्या भिकाऱ्यासारखी चाकांवर ढकलू? धाकट्या मुलाला घर मिळतं, कळप मिळतो, तो आईबापांना सांभाळायसाठीच ना? मी तिला पाठीवरून नेईन. तुझी खुर्ची नमद्यांच्या ढिगामागे ठेवली आहे. आणि एवढीच कळकळ असेल तर स्वतः ये.

रागावू नकोस. लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
कुबात

---

बिश्केक,
११ जुलै

चि. कुबात यास,
अ. उ. आ. आशीर्वाद आहेत म्हणून लिहिले, मनात दुसरंच आहे.

'पाठीवरून नेईन.' नेलंस का? या आठवड्यात किती वेळा नेलंस? कुत्र्यासाठी लाज गिळलीस, मग आईसाठीच ती घशात का अडकली? माझ्या हाताला तीच नळी वाकवता येते, तोच पट्टा शिवता येतो. सोन्याची खुर्ची करणारी बहीण तुला मिळाली नाही, काय करणार.

आणि 'स्वतः ये' म्हणतोस. गॅरेजमध्ये लोकांनी टाकून दिलेली सात लुळी कुत्री आहेत. त्यांना दिवसातून दोनदा हाताने मोकळं करावं लागतं. एक दिवस चुकला तर मरतील. शेजारीण त्यांना हात लावत नाही. लेक म्हणजे घरी आलेली पाहुणी असं आपल्यात म्हणतात ना? मग पाहुणीकडून सेवेची अपेक्षा कशाला करता? घर तुझं, कळप तुझा, आईही तुझी.

खुर्ची बाहेर काढ. लोभ तुझ्यावर नाही, आपावर असू दे, तेवढं पुरे.

बुरुल

---

सोन-कोल,
५ ऑगस्ट

ती. स्व. एजेंच्या सेवेशी,
मैरामचा वाकून सलाम. वि. वि. हे पत्र मी लिहिलं आहे हे यांना ठाऊक नाही, कृपा करून कळू देऊ नये.

तुम्ही विचारलंत, आठवड्यात किती वेळा नेलं. यांनी उन्हाळ्यात दोनदा नेलं, दोन्ही वेळा पाहुणे आले होते तेव्हा. एरवी मीच उचलते. माझी पाठ आता सकाळी सरळ होत नाही. आपा बिचाऱ्या पाणी कमी पितात, मला त्रास नको म्हणून. मोइनोक चाकांवर निघाला की मान वळवून दिसेनासा होईतो बघत राहतात. म्हणतात, नशीब काढलं कुत्र्याने.

परवा हे बाजाराला गेले तेव्हा आपांनी मला हळूच विचारलं, ती खुर्ची माझं वजन पेलेल का गं? मी काढली. एजे, काय सांगू! आपल्या हातांनी चाकं फिरवत गेल्या ओढ्यापर्यंत. मोइनोक पुढे, या मागे. ओढ्यात हात घातले, तोंड धुतलं, मला तिथूनच ओरडल्या की घोडीचं दूध काढायची पद्धत चुकतेय तुझी. इतकं बरं वाटलं ती शिवी ऐकून!

पण हे लवकर परतले, बरोबर दोन माणसं. बघितलं, पण ओरडले नाहीत. घोड्यावरून उतरले, आपांना पाठीवर घेतलं आणि त्या माणसांसमोरून आत आणून ठेवलं. आपा पाठीवर डोळे मिटून होत्या. त्या दिवसापासून खुर्चीचं नाव काढत नाहीत.

बरंवाईट बोलले असेन तर पदरात घ्यावं. सुनेवर लोभ ठेवतात तितकाच ठेवावा, मला तेवढ्याची सवय आहे.

आपली,
मैराम

---

वाटेतला मुक्काम,
१३ सप्टेंबर

ती. एजेस,
कुबातचा सलाम. वि. वि. कुरणावरून खाली उतरतोय. सापार वाटेत भेटला, म्हणून घाईत लिहितो. आजचा दिवस तू बघायला हवा होतास!

सामान ट्रकमध्ये घातलं. तुझ्या खुर्चीवर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, कुमिसचं पीप बांधलं, छान बसलं, उपयोग झाला तिचा. पण काफिल्याच्या पुढे घोड्यावर घरातली थोरली बाई हवी, ती रीत मी मोडली नाही. आपाला सजवलेल्या घोडीवर बसवलं. पांढरा फेटा, चांदी, आणि सासूने दिलेले ते मऊ चामड्याचे उंच बूट. पाय रिकिबीत राहीनात, म्हणून मोइनोकचे जादा पट्टे होते ना, त्यांनी घट्ट आवळून टाकले. बघ, तुझं काहीतरी तिच्या अंगाला लावलंच मी. दिवसभर लगाम तिने स्वतः धरला! दुसऱ्या तंबूंतली माणसं उठून उभी राहिली, कुमिस घेऊन आडवी आली. रात्री म्हणाली, कुबात, आज मी माणसात आले. सांग, तुझ्या खुर्चीने हे दिलं असतं का?

उद्या घरी पोचू. बायका भेटायला येतील म्हणून बूट काढू देत नाही, लहान मुलीसारखी मिरवतेय. मोइनोकही चालतच आला. पाय आताच बघितले, अगदी स्वच्छ आहेत.

भांडण विसर. लोभ वाढव.

तुझा,
कुबात

---

बिश्केक,
२० सप्टेंबर

कुबात,
तुझं पत्र आत्ता हातात पडलं. सापारची गाडी वाटेत बंद पडली होती म्हणे. त्याला दारातच थांबवून लिहिते आहे.

तिचे बूट काढ. हे वाचतोस तिथेच पत्र टाक आणि बूट काढ. दोन्ही पाय बघ, घोटे, टाचा, पट्टा होता ती जागा. तिला कळत नाही, कुबात, तिला तिथे कळत नाही. जखम असली तर तालुक्याच्या दवाखान्यात ने, पाठीवर ने, खुर्चीवर ने, कशीही ने.

बुरुल

---

गाव,
५ नोव्हेंबर

ती. एजेस,
कुबातचा सलाम. वि. वि. आपा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाला आलीस, बायकांत बसून रडलीस, आणि माझ्याकडे न बघता गेलीस. मातीलाही तुला वेळेवर निरोप पोचला नाही, त्याचा राग असेल तर रास्त आहे. म्हणून जे तोंडाने सांगायचं होतं ते लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मैरामने बूट कापून काढला होता. आठवडाभर बायका येत होत्या, चहा चालला होता, आपा उशांना टेकून मिरवणुकीच्या गोष्टी सांगत होती. वास यायला लागला तो आम्हाला मेंढीच्या कातड्याचा वाटला. दोन कातडी बाहेर टाकली. मग ताप चढला. बूट कापला तेव्हा घोट्याला पट्ट्याची जागा काळी पडली होती, आत हाड दिसत होतं. आपा वाकून बघत होती. म्हणाली, हा कुणाचा पाय आहे?

दवाखान्यात डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. रक्तात विष भिनलं होतं. चार दिवस काढले तिने.

एजे, मुलगा आईच्या झग्याची किनार उचलून पाय बघत नाही. तू तरी बघितले असतेस का अब्बाचे? मैरामने काढते म्हटलं तर आपा तिच्या हातावर चापट मारायची. मी दुष्ट नाही. तिने स्वतः म्हटलं होतं, आज माणसात आले. ते खोटं नव्हतं. पण एक विचारल्याशिवाय मला झोप येत नाही. कुत्र्याच्या पायांचं तू एवढं बारकाईनं लिहिलंस, बोटांच्या मधलंही सोडलं नाहीस. मग आपाच्या पायांबद्दल एक ओळ का नाही लिहिलीस? तू लिहिलेलं सगळं मी केलं होतं. तेही केलं असतं.

लोभ मागायला तोंड नाही. उत्तर तेवढं दे.

कुबात

---

बिश्केक,
१६ नोव्हेंबर

चि. कुबात यास,
अ. उ. आ. अनेक वेळा लिहून फाडलं. आज पाठवते.

तू विचारलंस ते मी स्वतःला रोज विचारते. कुत्र्याचं लिहिलं, कारण त्याला कुणी नव्हतं. आपाला मुलगा होता, सून होती, मी होते. आईचे पाय बघ, हे मुलाला लिहून कळवावं लागतं असं माझ्या मनातही आलं नाही. आणि मी आले असते तर लिहावंही लागलं नसतं. त्या उन्हाळ्यात मी सात परक्या कुत्र्यांचे मागचे पाय रोज बघितले, चौदा पाय. तिचे दोन बघायला वेळ काढला नाही. तेव्हा तुला एकट्याला दोष देत नाही, पण तुझा वाटा मी माझ्या अंगावर घेणार नाही. तो तुझा तू सांभाळ.

आपाची खुर्ची सापारबरोबर परत पाठव. पीप उतरवून पाठव. तिच्यात दोन कुत्र्यांच्या गाड्या निघतील. लाल नमदा तेवढा मैरामला राहू दे, पाठ शेकायला.

बर्फ पडला असेल. चाकं रुततील, म्हणून मोइनोकसाठी लाकडाच्या दोन घसरपट्ट्या पाठवते आहे. चाकं काढून त्यांच्या जागी लाव, वर पाठीवर झूल घाल. थंडीत पट्टे ताठ होतात, जास्त घासतात.

आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला. लोभाचं नंतर बघू. मोइनोकचे पाय मात्र रोज बघत जा. ते तुला चांगलं जमतं.

बुरुल