हौस नव्हती, अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. आता शाळेच्या गुरुजींनी पिंपळगावची माहिती लिहायला घेतलीय. आपल्या बँडबद्दल त्यात एकच ओळ आहे: 'काही हौशी शेतकऱ्यांनी गावात बँड काढला.' हौशी! ती वाचली आणि तुम्हाला लिहायला बसले.

पण गुरुजींना काय बोलू? ओळ तुमचीच. कुणीही विचारलं की तुम्ही हसून सांगायचात, "हौस होती, दुसरं काय!" का हो अण्णा? ती शरम होती.

आत्याच्या लग्नात जालन्याहून करीम मास्तरांचा बँड आल्ता. पंगत मांडवात बसली आणि आजोबांनी वाजवणाऱ्यांची पानं गोठ्यात मांडायला लावली. मास्तर उपाशीच उठले, माणसं घेऊन निघून गेले. आत्याची वरात मुकी निघाली.

आठ दिवसांनी तुम्ही जालन्यात, मस्तगडला त्यांच्या घरी माफी मागायला गेलात. ते म्हणाले, "माफी लेके मैं क्या करूँ? सीखना है तो बैठो." आणि तुम्ही बसलात! महिनाभर कर्ण्यातून नुसती हवा निघायची, असं आई सांगायची.

आजोबा कडाडले, "पाटलाचं पोरगं बाजा वाजवणार? बाजा सोड, न्हाई तर घर सोड." तुम्ही मान खाली घालून उभे. कर्णा उचलला तो आईनं. "चला, मळ्यात राहू," म्हणाली. तुम्ही सांगायचात त्या बँडच्या गोष्टीत बरोबर वाजवणारे पाचही सोबती यायचे. आई का नाही आली कधी? हे मला अजून लागतं.

रेणुकाईच्या जत्रेत तुम्ही सहा जण पहिल्यांदा उभे राहिलात. येत होती एकच आरती. देवळापर्यंत तीच वाजवली. मग करीम मास्तरांना हाताला धरून पंगतीत मधोमध बसवलंत. आजोबा भरल्या पानावरून उठून गेले आणि शेवटपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत. तरी तुम्ही 'हौस' म्हणत त्यांचं नाव जपत राहिलात.

भाऊ म्हणतो, "घरातलं गावाला कशाला सांगून राह्यलीस?" मी म्हटलं, "मास्तर साऱ्या गावासमोर उपाशी गेले. मंग सांगायचंही गावासमोरच."

रागवा हवं तर. उद्या सकाळी मी शाळेत जाणार. करीम मास्तर आणि आई, दोघांची नावं लिहून घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही. गुरुजी कचरले, तर लेखणी मी हातात घेईन.

तुमची,
लता