पास झालेला पीस

आई, घरात सध्या एक वही चालू आहे. तुझ्या नातीने आणली. आठवड्यात घरात जे काही चांगलं घडलं ते ज्याने त्याने त्यात लिहायचं आणि रविवारी सकाळी पोहे झाले की एकमेकांना वाचून दाखवायचं, असा तिचा नियम. तिच्या ऑफिसात कोणीतरी असलं काही शिकवायला आलं होतं. ग्रॅटिट्यूड जर्नल म्हणतात त्याला. तू हे ऐकून हातातलं काम न थांबवता नुसतं 'बरं' म्हणाली असतीस. मीही तेच म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण लेक माझ्याशी बोलेनाशी झाली होती. भांडण वगैरे काही नाही. जेवायला शेजारी बसायची, डबा न्यायची, उशीर होणार असला की फोन करायची. फक्त स्वतःचं काही सांगायची नाही. नोकरी लागली तेव्हा तिने आधी बापाला सांगितलं आणि मला ते ह्यांच्याकडून कळलं. मला फार लागलं ते. ह्यांना मात्र मी एवढंच विचारलं, की खरवईच्या घरून तिथे जायला तिला किती रिक्षा बदलाव्या लागतील.

पहिल्या रविवारी ह्यांनी लिहिलेलं वाचलं. बाजारात कैऱ्या चांगल्या मिळाल्या आणि लेकीने त्या न सांगता फोडून दिल्या. लेकीने वाचलं की बाबांनी रोज सकाळी स्टेशनपर्यंत सोडलं. मग माझी पाळी आली. टँकर मागवावा लागला नाही. लिफ्ट बंद पडली नाही. वरण खाली लागलं नाही. घरात कोणी आजारी पडलं नाही. ह्यांना हसताना ठसका लागला. लेक हसली नाही. वही स्वतःकडे वळवून तिने ते पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "आई, यात चांगलं काय झालं ते कुठेय? काय बिघडलं नाही, तेवढंच लिहिलंयस तू." मी म्हटलं, मग चांगलं म्हणजे दुसरं काय असतं? ती प्लेटा उचलून आत गेली. मी तिथे बसून राहिले आणि किती वर्षांनी तू आठवलीस.

उल्हासनगरला कॅम्प पाचमधली आपली खोली. तू खिडकीखाली उजेडात बसली आहेस, शेजारी जीन्सचा ढीग. गल्लीतल्या कारखान्यातून सकाळी माल येतो, मी लोंबणारे धागे कापते आणि तू चेकिंग करतेस. पँट हातात आली की तू आधी ती उलटी करतेस. शिवण, खिसा, पट्टा, बोट फिरवत जातेस. कुठे टाका सुटलेला दिसला की खडूने तिथे फुली, आणि पीस आल्टरच्या ढिगात, म्हणजे पुन्हा शिवायला. चूक नसेल तर फुली नाही. घडी घालून बाजूला ठेवायचा, की तो पास झाला. कारखान्याचा शेठ, ज्याला सगळे साईं म्हणायचे, तुझा माल उघडूनही बघायचा नाही. "बाई का हाथ लगा है ना, तो पास है," एवढं तो माणसांना सांगायचा आणि तू तेव्हा पदर सारखा करायचीस. तुझं कौतुक झालेलं मी तेवढंच ऐकलं आहे.

पण तू सगळंच उलटं करून बघायचीस. मावशीला बाळ झालं तेव्हा मी मशीनवर पहिल्यांदा एक झबलं शिवलं होतं. तुझ्यासमोर धरलं. तू ते उलटं केलंस, बगलेपाशी फुली मारलीस आणि माझ्याकडे सरकवलंस. "उसव. पुन्हा टीप मार." मी उसवलं, पुन्हा मारलं, पुन्हा आणलं. तू पुन्हा उलटं केलंस, पाहिलंस, घडी घातलीस आणि बाजूला ठेवलंस. मी तिथेच उभी. बऱ्याच वेळाने तू वर बघितलंस आणि विचारलंस, "काय गं?" मी म्हटलं, काही नाही. तू पुढची पँट घेतलीस.

फुली न मारणं हेच तुझं कौतुक होतं, असं आता मानून घेता येईल. सोयीचं आहे ते, आणि या वयात शोभूनही दिसतं. मी मानत नाही. एखादा शब्द बोलली असतीस तर तुझं काही बिघडलं नसतं. त्या रविवारी मला तुझा राग आला, आणि तू नसल्यामुळे तो बराच वेळ माझ्याकडेच राहिला. त्याहून वाईट वाटलं ते याचं, की लेकही माझ्यासमोर तशीच उभी राहिली असणार आणि मीही तिला 'काय गं?' एवढंच विचारलं असणार.

तू लग्नात दिलेलं मशीन अजून आहे. देताना तू काय म्हणालीस ते आठवतं का? 'तेल घालत जा.' तर त्या रविवारनंतर, मागच्या महिन्यात, लेकीने त्या मशीनवर बापाच्या जुन्या जीन्सची पिशवी शिवली. कोणाला विचारलं नाही. आणून माझ्यापुढे ठेवली आणि मोबाइल बघत असल्यासारखी समोर बसली. मी पिशवी हातात घेतली आणि आई, तुझी शपथ घेऊन सांगते, माझे हात आपोआप ती उलटी करायला लागले. अर्धी झालीही होती. बंदाखालची शिवण वाकडी गेलेली दिसली. लेक मोबाइल खाली ठेवून बघत होती. मी पिशवी सरळ केली आणि म्हटलं, "छान झालीय. यात माझा डबा बसेल." सोमवारी ती घेऊन अंबरनाथला माझ्या कंपनीत कामाला गेले. माझ्याबरोबरच्या पॅकिंगच्या बायकांनी विचारलं तेव्हा लेकीने शिवली म्हणून सांगितलं, जरा जास्तच वेळा सांगितलं.

परवा मी भेंडी चिरत होते. लेक आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ऑफिसमध्ये एक जण आहे. अभी कुछ बोलना मत, नुसतं ऐक." माझ्या मनात लगेच प्रश्नांची रांग लागली. कुठला, घरी कोण कोण, तुझ्याहून लहान तर नाही. मी भेंडी चिरत राहिले आणि ऐकलं. ती कितीतरी वेळ बोलली. मध्येच हसलीसुद्धा, नाक मुरडून, अगदी लहानपणी हसायची तसं. काल, रविवारी, मी वहीत एकच ओळ लिहिली: 'तिने मला सांगितलं.' वाचून दाखवली तेव्हा ह्यांना काही कळलं नाही, आणि तिने पोह्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, वहीतही ठेवणार नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती तुलाच सांगता येईल. त्या सोमवारी मी लवकर उठले होते. लेक झोपलेली असताना बंदाखालची ती शिवण मी उसवली आणि पुन्हा मारली. तिला अजून कळलेलं नाही. खडू लावला नाही, आई.