जिनिंगच्या दारातला रांजण

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गेल्या आठवड्यात ऐन कामात तुमचीच आठवण आली. मी परभणीत घरी बसून परदेशी कंपनीचं काम करते. हाताखाली सात माणसं, चार देशांतली. कंपनीनं आम्हाला कामाच्या ताणावर एक व्याख्यान ऐकवलं. देश कुठलाही असो, ताणानं माणसाची झोप उडते, चुका वाढतात, चांगली माणसं सोडून जातात आणि मग धंदाही बसतो, असं व्याख्यान देणाऱ्या बाई समजावत होत्या. मला मात्र तुमच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, दारातला पाण्याचा रांजण दिसत होता.

तुम्ही तिथले मुकादम. सकाळी प्रत्येकानं आपल्या हातानं पेला भरून पाणी प्यायचं आणि मगच आत जायचं, हा तुमचा नेम. मला वाटायचं, कापसाच्या धुळीनं घसा सुकतो म्हणून असेल. कॉलेजात असताना एकदा डबा घेऊन आले, तर एका गड्याचं निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलेलं. तुम्ही त्याला मशीनवर जाऊ देत नाही, बाहेर कापसातली पत्ती वेचायला बसवता. तेवढ्यात शेठ येतात.

"मुकादम, गाड्या उभ्या हायत अन् तुमी धडधाकट माणूस पत्ती येचायला बसवायलाव?"

"शेठ, त्याची बायको दवाखान्यात हाय. हात बघा की त्याचा. मशीन उद्या बी चालंल, तुटलेलं बोट न्हाई यायचं."

शेठ वाट्टेल ते बोलले. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत, पण गड्याला उठवलं नाहीत. तेव्हा मला तुमची लाज वाटली होती. आज मी थक्क होते, अण्णा. मोठमोठ्या कंपन्यांना आत्ता कुठं उमगायला लागलंय, ते चौथी शिकलेला माणूस पेला धरलेल्या हातावरून ओळखत होता! तुम्ही होतात तोवर तिथं एकाचंही बोट गेलं नाही.

माझ्या हाताखालच्या सात जणांत फिलिपाइन्सची एक बाई आहे. महिनाभर तिचा आवाज खोल जात होता, एकच फाइल दोनदा चुकली. मला कळत होतं, तुमचीच लेक ना मी. तरी म्हणाले, शुक्रवारपर्यंत संपव. गुरुवारी ती काम करता करताच कोसळली. आता घरी आहे. परत येईल की नाही, कुणी सांगत नाही.

खरं तर तिची माफी मागायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. तुम्हाला मात्र भराभर लिहून झालं, कारण तुमचं उत्तर येणार नाही. तिचं येईल, याची मला भीती वाटते.