मी निरोगी असल्याचा आपला दाखला मिळाला

हडपसर, पुणे
रविवार, १९ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप दादांच्या चरणी अनंताचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असेल, वहिनींचा गुडघा थंडीने कुरकुरत नसेल आणि स्वारगेटच्या दवाखान्यातली गर्दी आपणास वेळेवर जेवू देत असेल, असे धरून चालतो. माझ्या प्रकृतीची चौकशी आपण करण्याचे कारण नाही. ती उत्तम असल्याचे आपणच लेखी कळवले आहे, त्याबद्दल आभारी आहे. (त्याविषयी सविस्तर पुढे येईल.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर माझे दुसरे वाक्य सुरू झाले की आपल्याकडे हमखास पेशंट येतो. पत्र अर्धवट टाकून आपण पेशंट तपासलात, तरी ते जिथल्या तिथे थांबते.

प्रथम एक कोडे. आपल्याही ते लक्षात आले असेल. ओळखीतली कोणतीही दहा घरे घ्यावीत. एका घरात कोणाला तरी फिट येते, एका घरातली सून मानसोपचार तज्ज्ञांकडे जाते (आणि शेजारी दाताच्या डॉक्टरांचे नाव सांगते), कोणाला बसल्या बसल्या गरगरते, कोणाला रात्र रात्र झोप नाही. आता या शहरात पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या गाड्या चालवणारे हजारो लोक घ्यावेत. ते याच घरांतून येतात. तरीही कागदोपत्री त्यांतल्या एकालाही काहीही होत नाही. एकालाही! निरोगी माणसेच तेवढी ड्रायव्हर होतात, की ड्रायव्हर झाल्याने माणूस निरोगी होतो? मी पंचवीस वर्षे कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत शिकाऊ कामगारांना यंत्रशास्त्र शिकवले. दहा हजार बेअरिंग मोजली आणि एकही वाकडे निघाले नाही, तर कारागिराला बक्षीस देण्याआधी मोजणारा व्हर्निअरच तपासावा, हे मी पहिल्या आठवड्यातच सांगत असे. या कोड्यातला व्हर्निअर कोण, ते सांगणे नलगे, आपण सुज्ञ आहात.

आता माझा आजार. आपण डॉक्टर आहात, तरी मी तो समजावून सांगणार आहे, कारण गेल्या महिन्यात आपण तो विसरलात असे दिसते. मेंदू ही एक मोठी कर्मशाळा मानावी. प्रत्येक कामगार आपापल्या ठोकळ्यावर आपापल्या वेळेस हातोडा मारतो. बाहेरून नुसता कलकलाट वाटतो, पण त्या कलकलाटातच काम होत असते. अपस्मारात होते काय, तर एकाएकी सगळे हातोडे एका तालात पडू लागतात. ऐकणाऱ्याला वाटावे की काय ही शिस्त! प्रत्यक्षात त्या क्षणी कारखाना बंद असतो. कधी ही शिस्त साऱ्या कारखान्यात पसरते आणि माणूस कोसळतो. कधी ती एकाच खात्यापुरती राहते आणि माणूस उघड्या डोळ्यांनी काही क्षण कोरा पडतो. मला दोन्ही प्रकार येतात. (तिसरा प्रकार व्यवस्थापनाला होतो आणि मग कारखाना कायमचा बंद पडतो. तो आम्ही २००१ साली पाहिला. त्यावर गोळी नाही, स्वेच्छानिवृत्ती आहे. इच्छा कोणाची, ते त्या कागदावर लिहिलेले नव्हते.)

गेल्या वर्षी श्रावणात मी जेवणाच्या टेबलावरून आमटीसकट खाली आलो, तेव्हा माझ्या दातांमध्ये चमचा घालू पाहणाऱ्या सौ. मंदाकिनीचा हात आपणच मागे ओढलात. (बरोबरच केलेत. फिट आलेल्याच्या तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे.) आपणच मला मेंदूच्या तज्ज्ञांकडे नेलेत. त्यांनी दोन वाक्ये सांगितली: गोळ्या चालू, गाडी बंद. परतताना रिक्षात आपण माझा हात सोडला नव्हता. आपण साठीचे आणि मी त्रेपन्नाचा, त्यामुळे रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता.

चार महिने मी गाडी चालवली नाही. निवृत्तीच्या पैशांतून भाड्याने चालवायला घेतलेली माझी इंडिका सोसायटीच्या आवारात ताडपत्री पांघरून उभी, आणि मी घरात शाल पांघरून बसलेला. मी मंदाकिनीला प्रेशर कुकरमागचे तत्त्व समजावू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, एक तर शिट्ट्या मोजा, नाहीतर बाहेर पडा. दोन्ही जमत नसेल तर निदान गप्प बसा." जानेवारीत मी बाहेर पडलो. गोळ्या नियमित होत्या, झटका पुन्हा आला नव्हता, खराडीच्या कंपनीला मांजरीहून माणसे आणून पोचवणारा भरवशाचा चालक हवा होता, आणि तज्ज्ञांनी "बंद" म्हणताना तारीख सांगितली नव्हती. शिकलेल्या माणसाला पळवाट शोधावी लागत नाही, ती त्याला सिद्ध करता येते.

पण मनातून मी खजील होतो. लायसन्सची मुदत ऑक्टोबरात संपत होती. मी ठरवले की अर्जात खरे लिहायचे, म्हणजे सरकारच नाही म्हणेल आणि मी सुटेन. दादा, मला परवानगी नको होती. मला नाही म्हणणारा एक माणूस हवा होता. हे एवढेच वाक्य आपण वाचलेत आणि बाकी पत्र टाकून दिलेत तरी चालेल.

अर्जात स्वच्छ प्रश्न आहे: आपणास अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे अथवा भोवळ यांचा त्रास आहे काय? मी "होय" लिहिले. उत्तर अपुरे वाटू नये म्हणून चार पानांची पुरवणी जोडली आणि तिच्यात मेंदूची आकृती काढली. (डावी बाजू जरा मोठी आली, पण नावे सगळी दिली होती.) आरटीओच्या खिडकीतल्या गृहस्थांनी ती पाने अशा नजरेने पाहिली, जणू मी त्यांना लग्नाची पत्रिका द्यायला आलो आहे.

"हे काय आहे?"

मी म्हणालो, "माझा आजार."

"काका, रकाना केवढा, तुम्ही लिहिलंय केवढं! निबंध घरी लिहायचा. आणि इथे 'होय' कशाला लिहिलंत? इतकी वर्षं मी या खिडकीत बसतोय, इथे 'होय' कोणी लिहीत नाही."

मी विचारले, की मग लिहिणाऱ्याचे काय करतात? त्यांनी टेबलावर नजर फिरवली. "नाही" लिहिलेल्या अर्जांसाठी त्यांच्याकडे एक ट्रे होता. "होय" लिहिलेल्यासाठी ट्रेच नव्हता. शेवटी त्यांनी माझ्या अर्जावर तांबड्या शाईने "चुकीचा भरला आहे" असा शेरा मारून तो परत केला. लक्षात घ्यावे, त्यांनी मला नामंजूर केले नाही. मला व्यवस्थित भरून आणायला सांगितले.

बाहेर वैजनाथ भेटला. हा परभणीकडचा चालक आमच्याच कंपनीला गाडी लावतो. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर त्याचे मन इतके खचले, की सहा महिने त्याला औषध घ्यावे लागले, आणि त्याने गुणही आला होता. माझी हकिकत ऐकून तो म्हणाला, "सर, तुम्ही लई शिकलाव, म्हून अडकलाव. मी तर गोळ्याच बंद केल्या. डॉक्टरची चिठ्ठी फाडून टाकली. गोळी नाही तर आजार नाही!" मी त्याला अर्धा तास समजावले, की गोळी थांबवल्याने आजार थांबत नाही, तो मोकाट सुटतो. त्याने सगळे मन लावून ऐकले. "पटलं, सर," तो म्हणाला. "पण गोळी घेतली की मी अनफिट, अन् न घेतली की फिट. सांगा, आता काय घेऊ?" मग तोच मला महिपतीकडे घेऊन गेला.

महिपती हा त्या कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसणारा एजंट. त्याने माझे तीन फोटो घेतले आणि कोऱ्या अर्जावर सही मागितली. मी केली. (कोऱ्या कागदावर सही करू नये, हेही मी पहिल्या आठवड्यातच शिकवत असे.) मी त्याला बजावले की मला अपस्मार आहे, हे तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. ते तरी नाही म्हणतील, ही माझी उरलेली आशा. चौथ्या दिवशी लायसन्स हातात आले, सोबत वैद्यकीय दाखल्याची प्रत. त्यात लिहिले होते, की सदर अर्जदारास मी स्वतः तपासले असून त्यास अपस्मार, भोवळ वा कोणताही मानसिक विकार नाही. वर माझा फोटो, खाली गोल शिक्का.

तो शिक्का मी ओळखला. तीस वर्षांपूर्वी आपण दवाखाना थाटलात, तेव्हा आप्पा बळवंत चौकातून तो मीच करवून आणला होता. सही बनावट असेल, अशी पाच मिनिटे आशा वाटली. पण शेवटच्या अक्षराचे ते लांबलेले शेपूट, ज्यासाठी नानांनी बापाच्या मायेने आपल्या हातावर पट्टी मारली होती, ते कोण्या एजंटाला कसे साधणार? खात्री करावी म्हणून मी महिपतीला विचारले. तो म्हणाला, "डॉक्टर देवमाणूस हाय, काका. दर गुरुवारी ईस-ईस कागद न्हेतो. मान वर करून कुणाला तरास देत न्हाय."

दादा, मी रागावलेलो नाही. मी फक्त पद्धतशीर विचार करतो आहे. शक्यता दोन. पहिली, आपण माझा फोटो पाहिलात, ओळखलात, आणि अनंताचे पोट चालावे म्हणून माया करून खोटे लिहिलेत. दुसरी, आपण पाहिलेच नाही. माझ्या हातचा शिक्का माझ्याच तोंडाशेजारी मारलात आणि पुढचा कागद ओढलात. दुसरी खरी असेल, तर त्या दिवशीचे बाकीचे एकोणीस जण कोण होते, याचा विचार मला करवत नाही. पहिली खरी असेल, तर मला आपल्याविषयी विचार करवत नाही.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळी प्रियदर्शनी नावाच्या मुलीला मांजरीहून खराडीला नेत होतो. मुंढव्याच्या सिग्नलला दिवा लाल होता. डाव्या हाताला उसाच्या रसाचे दुकान, तिथे एका गृहस्थाने काठोकाठ भरलेला ग्लास उचलला. पुढच्या क्षणी ग्लास रिकामा होता, गृहस्थ नव्हते आणि दिवा लालच होता. याचा अर्थ, मधला हिरवा मी पाहिलाच नाही. मागे हॉर्नचा गोंधळ चालला होता. आणि समोर, बंपरपासून चार फुटांवर, शाळेच्या मुलींची रांग रस्ता ओलांडत होती. गाडी जागची हलली नाही, कारण सिग्नलला गिअर काढून ठेवायची, क्लच वाचवायची माझी जुनी खोड आहे. त्या मुली माझ्या शुद्धीमुळे वाचल्या नाहीत, माझ्या कंजूषपणामुळे वाचल्या. मागून प्रियदर्शनी म्हणाली, "काका, यू आर सो कूल! बाकीचे ड्रायव्हर रेड तोडतात, तुम्ही तर ग्रीनलापण थांबता!"

मी "थँक यू" म्हणालो. इतकी वर्षे सगळ्यांना सगळे समजावून सांगणारा मी, ज्या एकीला सांगणे जरूर होते, तिला काही सांगितले नाही.

तेव्हा निर्णय झाला आहे. मी गाडी थांबवत आहे. लायसन्स या पत्रासोबत जोडले आहे, ते आपल्या हातांनी नष्ट करावे. वैजनाथलाही आपल्याकडे पाठवतो. त्याला दाखला नको, औषध द्यावे आणि त्याच्याकडे पाहावे. वहिनींना नमस्कार.

आपला धाकटा,
अनंत

ता. क. दिवाळीच्या चकल्यांचा डबा आमच्याकडेच राहिला आहे. झाकण घट्ट आहे, चकल्या नाहीत.

ता. क. २. लायसन्स सोबत जोडले आहे असे वर लिहिले. ते जोडलेले नाही. पाकीट दोनदा उघडले आणि दोनदा चिकटवले, ते अजून शर्टाच्या खिशात आहे. उद्या सकाळी नऊला मांजरीचा फेरा आहे आणि मी "येतो" म्हणून सांगून बसलो आहे. म्हणून खरी विनंती ही: आपला दाखला रद्द केल्याचे आपण स्वतः कचेरीस कळवावे. मी खरे बोलून पाहिले, त्यांच्याकडे त्याला ट्रे नाही. डॉक्टरांच्या कागदाला आहे. हे पत्र वैजनाथ आज संध्याकाळीच हाती देईल, म्हणजे तो कागद लिहून फेऱ्याआधी मला तसे कळवायला आपल्यापाशी एक रात्र आहे. मी प्रामाणिक माणूस आहे, पण खिशात लायसन्स असलेला प्रामाणिक माणूस किती दिवस टिकतो, हे मी जानेवारीपासून मोजतो आहे.

ता. क. ३. एक सोपी चाचणी देतो, साहित्य घरचेच आहे. दाखल्यांच्या प्रती आपण डाव्या खणात ठेवता. त्या गुरुवारचे वीस कागद काढावेत आणि नावांवर पट्टी ठेवावी, नानांची असल्यास उत्तम. मग प्रत्येक फोटोकडे पाच सेकंद पाहावे. त्यांतला मी कोणता, ते सांगावे. लगेच सापडलो, तर त्या दिवशीही सापडलो होतो. नाही सापडलो, तर पट्टी काढू नये, पुन्हा पहिल्यापासून पाहावे.