शाल पांघरून केलेली चढाई

ठाकुर्ली, मंगळवार

तीर्थस्वरूप उत्तममामांच्या चरणी भाचा पोपट याचा साष्टांग दंडवत. (दंडवत लांबूनच. जवळ येऊ नये अशी कोर्टाची अट आहे.)

इकडे आम्ही सर्व जिवंत आहोत. तिकडे आपली तब्येत कशी आहे? मनगट थंडीत ठणकतं का? नवी कवळी बसली का, की अजून हलते? मला कळतंय मामा, हे मी विचारणं म्हणजे जरा अतीच होतं, कारण मनगटही माझ्यामुळेच मोडलं आणि कवळीही माझ्यामुळेच. पण पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची रीत तुम्हीच शिकवलीत, आणि दुसऱ्या कुठल्या अवयवाची चौकशी करावी तर तो मी मोडलेला नाही. मामींचे गुडघे बरे असतील. तुमच्या खोपटला एसटी डेपोच्या गाड्या पहाटेपासून घरघर करतात म्हणून झोप होत नाही, असं त्या आईला फोनवर सांगत होत्या. (मी ऐकत नव्हतो. शेजारी बसलो होतो इतकंच.)

आता हे पत्र तुम्हांला लिहिणं हासुद्धा अटीचा भंगच आहे. फोन केला तर त्याची नोंद राहते, माणूस पाठवला तर तो गावभर सांगतो, म्हणून पत्र. तेव्हा हे पत्र मी तुम्हांला लिहिलेलं नाही असं समजून वाचावं. शिवाय तुमची पत्रं तुमच्याआधी मामी वाचतात, आणि त्यांना त्या दिवशीचं सगळं तुम्ही नीट सांगितलं नसणार, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मामी, गेल्या वर्षी आमच्या इथे चाळिशीपुढच्यांचे कबड्डीचे सामने होते. मी बावन्न वर्षांचा, म्हणजे संघातला तरुण. मामा पंच. मी चढाई करून येताना मामा म्हणाले, पाय रेषेबाहेर गेला, बाद. मी म्हणालो, नाही गेला. मामांनी शिट्टी वाजवली, मी मामांना ढकललं. मामा मागे ठेवलेल्या पाण्याच्या जारांवर बसले, मनगट मोडलं, आणि कवळी उडून समोरच्या संघाच्या भागात गेली. ते जार रतनचे. रतन म्हणजे आमचा टेम्पोवाला, घरोघरी पाण्याचे जार टाकतो. जन्मात एक चढाई केलेली नाही, पण पंचवीस वर्षं आमच्या संघाला फुकट पाणी पाजतो. मी ओरडतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, आपणही काहीतरी केलं पाहिजे, म्हणून त्याने रिकामा जार फेकला आणि तो मामांच्या खांद्याला लागला. कोर्टाने दोघांना दोषी धरलं, पण पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगात न धाडता एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. अटी तीनच. मामांपासून दूर राहायचं, कुठल्याही कबड्डीच्या मैदानात पाऊल टाकायचं नाही, आणि दर महिन्याला परिवीक्षा अधिकारी मॅडमना भेटायचं. (परिवीक्षा हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, आणि अख्खं आयुष्य मी दमाच्या खेळात काढलंय.)

मामा, दहा महिने मी असा वागलो की संचिताला संशय यायला लागला, नवरा आजारी आहे की काय. भाजीला जायचा जवळचा रस्ता मैदानातून, म्हणून मी स्टेशनला वळसा घालून जायचो. मग हंगाम आला. आमच्याच गल्लीतल्या मंडळाने नेमकं आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर फक्कीने मैदान आखलं. म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट मध्यरेषेवर! दोन दिवस मी मागच्या भिंतीवरून उडी मारून कामावर गेलो. एके काळी लोक माझी उडी बघायला तिकीट काढत. तिसऱ्या दिवशी पॅन्ट तारेला अडकली आणि मी भिंतीवर तसाच लटकलो. तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, पडदा लावून घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की मागच्या बाजूला चोर आलाय. उतरवायला आले ते मैदानातले खेळाडूच. त्यांनी पाया पडून उतरवलं, ते जास्त लागलं.

अशात रतनचं झालं. डोंबिवलीच्या बाजूला कुठेशी सामने होते, तिथे जार पोचवायचे होते. टेम्पो एका टोकाला, पाण्याचं टेबल दुसऱ्या टोकाला, मध्ये मैदान. याने खांद्यावर जार घेतला आणि सरळ मैदानातून चालत गेला. कुणीतरी फोटो काढला, फोटो फिरत फिरत मॅडमपर्यंत गेला. कोर्टात साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय? हा म्हणाला, पाणी द्यायचं होतं साहेब. एवढंच. याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, दाखवायला काही नाही. जार ओतायला लागतो तेवढ्या वेळात सगळं आटोपलं आणि तीन महिन्यांसाठी आत गेला.

हे पाहून तरी मी शहाणा व्हायला नको होतो? तुमची बहीण म्हणते, ह्यो शहाणा झाला असता तर पोपट नाव कशाला ठेवलं असतं. रतनला आत जाऊन आठवडा झाला नसेल, तोच आंबिवलीच्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. मी नाहीच म्हणणार होतो मामा, तुमची शपथ! पण तेवढ्यात त्यांनी बॅनर लावला. स्टेशनच्या बाहेर, अर्ध्या इमारतीएवढा, मधोमध माझा फोटो, तोही पंचवीस वर्षांपूर्वीचा, मिशांसकट, आणि खाली ‘आंबिवलीत स्वागत, चढाईचा बादशहा’. माझ्या घरात मला चहाचा दुसरा कप मिळत नाही आणि तिकडे मी बादशहा. मी मनाशी हिशेब केला की सत्कार स्टेजवर असतो, स्टेज काही मैदान नव्हे, मैदान म्हणजे रेषेच्या आत. कायद्याचा इतका खोल विचार वकिलानेही केला नसता.

गेलो. शाल मिळाली, नारळ मिळाला, फेटा बांधला. इथवर सगळं कायद्यात. मग तुम्हांला माहीत आहे, प्रमुख पाहुण्यांनी मैदानात उतरून दोन्ही संघांशी हस्तांदोलन करायची पद्धत असते. माइकवरचा माणूस माझं नाव घ्यायला लागला, लोक टाळ्या पिटायला लागले, आणि मी काय सांगणार होतो, की मी बाँडवर आहे? उतरलो. डाव्या संघाशी हात मिळवले. उजव्या संघाकडे जायला मध्यरेषा ओलांडली आणि मामा, ती रेषा पायाखालून गेली आणि माझं डोकंच फिरलं. तोंडातून आपोआप कबड्डी कबड्डी सुरू झालं. समोरचे सात जण हात पुढे करून उभे, त्यांना वाटलं पाहुणे गंमत करताहेत. मी त्यातल्या दोघांना शिवलो. अंगावर शाल, डोक्याला फेटा, काखेत नारळ. परत फिरणार तर शालीचं टोक एकाच्या हातात, आणि मग साती जण माझ्यावर. एकजण नारळावर पडला, तो अजून लंगडतोय. मला बाहेर काढलं तेव्हा फेटा सुटून गळ्यात आला होता आणि मी हात वर करून विचारत होतो, गुण मिळाला का?

एवढ्यावर भागलं असतं. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी फोटो पाठवला नव्हता. पण प्राप्तीने व्हिडिओ काढला होता (माझीच पोरगी, हौशी), आणि तो मी स्वतः, या दोन हातांनी, स्टेटसला ठेवला! वर लिहिलं, ‘वाघ म्हातारा झाला तरी वाघच’. दर महिन्याला फोन करावा लागतो म्हणून मॅडमचा नंबर माझ्याकडे आणि माझा मॅडमकडे. स्टेटस पाहणाऱ्यांत पहिलंच नाव मॅडमचं. मी तरी काय करावं? त्यांना मेसेज केला, ‘कसा वाटला?’ त्यांनी उत्तर दिलं नाही. नोटीस आली.

आता पुढच्या शुक्रवारी तारीख आहे. आमचे धम्मपाल वकील म्हणतात, कायद्यात दोन दारं आहेत. अट पहिल्यांदाच मोडली असेल तर साहेब पन्नास रुपयांपर्यंत दंड करून सोडू शकतात, नाहीतर मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊन आत पाठवू शकतात. मी विचारलं, मधलं काही? म्हणाले, नाही. पन्नास रुपये किंवा तीन महिने. आणि कुठलं दार उघडायचं हे साहेबांनी माणूस बघून ठरवायचं. माझ्या बाबतीत वकील निवांत आहेत. म्हणतात, तुम्ही राज्याकडून खेळलेला माणूस, पिशवीभर पदकं घेऊन या, मी सांगतो की ज्याने आयुष्य मातीला वाहिलं तो भावनेच्या भरात एक पाऊल चुकला, आणि अशा माणसाला तुरुंगात घालणं म्हणजे खेळाचा अपमान. ऐकून मलाच भरून आलं. मी विचारलं, मग रतन? तर म्हणाले, रतन पोटासाठी गेला होता, आणि पोट ही काही भावना नव्हे. मला हे पटलं बरं का मामा. पटवून घ्यायची घाई होती म्हणून पटलं. पदकं काढून पुसून ठेवली आहेत. त्यात एक प्राप्तीचं चित्रकला स्पर्धेचं निघालं. वकील म्हणाले, असू द्या, लांबून कळत नाही.

तेव्हा मुद्द्याची गोष्ट. संघटनेच्या कागदावर तुमच्या सहीचं एक पत्र मिळालं तर माझं काम होईल. फिर्यादीनेच क्षमा केली म्हटल्यावर साहेबांना पन्नास रुपयांचंच दार दिसेल. मजकूर मी सुचवतो: पोपट हा उमदा, नम्र व शिस्तप्रिय खेळाडू आहे. शिस्तप्रिय लिहिताना हात अडखळला तर मनगटाचं निमित्त सांगावं. तुम्ही रागावला आहात हे मला ठाऊक आहे. आईसुद्धा रागावली आहे. भावाला मारलं त्या दिवसापासून तिने माझ्या ताटात कालवणाचा नुसता रस वाढलाय. वर्ष होत आलं, माशाचा तुकडा म्हणून नाही. तुरुंगात याहून वेगळं काय वाढत असतील?

मामींना नमस्कार. प्रीतमला आशीर्वाद, आणि त्याला सांगावं की आत्याचा मुलगा काही वाईट माणूस नाही, फक्त त्याला टाळ्या सहन होत नाहीत.

आपला, लांब उभा असलेला,
पोपट

ता. क. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं. जाळू नये, मामींना धुराचा त्रास होतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात बेल वाजली. दारात रतनची बायको नीला. खांद्यावर वीस लिटरचा जार. आमच्याकडे लिफ्ट नाही हे तुम्हांला माहीत आहे, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आलेली. टेम्पोवर भावाला बसवते आणि जार स्वतः वाहते. ठेवला, पदराने घाम पुसला आणि मला विचारलं, दादा, तुमची तारीख कधी? मी म्हटलं, शुक्रवारी. तर म्हणाली, देवाच्या कृपेने तुम्हांला काही न होवो. बस. दुसरा रिकामा जार उचलला आणि गेली. टेबलावर पुसलेली पदकं मांडलेली, मामा. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

आणि मला एक आठवलं. मी तेव्हा नववीत असेन. आपल्या संघाला गुण मिळाला, एक बाद गडी जिवंत होणार होता. मी टणकन उडी मारून मैदानात घुसलो, कारण मी चांगला खेळायचो आणि सगळे माझंच नाव घेऊन ओरडत होते. तुम्ही शिट्टी मारून खेळ थांबवला, मला कान धरून रांगेत परत बसवलं आणि माझ्याआधी बाद झालेल्या त्या रड्या पोराला उठवलंत. म्हणालात, आधी जो बाद झाला तो आधी उठणार. चांगला कोण खेळतो ते मी विचारलेलं नाही.

तेव्हा वर मागितलेलं पत्र राहू द्या. ते शिस्तप्रिय वगैरे काही लिहू नका, खोटं बोलायची तुम्हांला सवय नाही. त्याऐवजी रतनसाठी लिहा. त्याचं अपील करता येतं, वकिलांना मी आत्ताच विचारलं, आणि ज्याच्या खांद्याला जार लागला तोच म्हणाला की माझी तक्रार नाही, तर फरक पडतो. मी शुक्रवारी पदकांची पिशवी नेणार नाही. साहेबांना सांगणार की त्याने पाणी द्यायला मैदान ओलांडलं, मी मिरवायला ओलांडलं, तेव्हा पन्नास तर दोघांना पन्नास, आणि आत तर दोघेही आत. (मला आत जायची फार भीती वाटते मामा. पण रांगेत तो माझ्या पुढे आहे.)

ता. क. तिसरा. आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. जेवायला बसलो तर ताटात तुकडा! शेपटीकडचा, पण तुकडा. मी बघत राहिलो. म्हणाली, खा, आनि डोक्याकं बघू नको, ता रतनला ठेवलंय. मी म्हटलं, अगं आई, अपील लागायलाच महिना जाईल, मासा काय तोवर राहणार आहे? तर म्हणाली, मंग तुजे मामाला सांग ता पत्र लवकर लिवाला.