विसळायचा राहिलेला डबा

प्रिय बाबा,

फोन करायला धीर होईना, म्हणून दादाच्या हाती हे पत्र पाठवतेय. तुमच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाचा फोन येण्याआधी तेवढं वाचून घ्या. तोवर दादाला चहा द्या, नाहीतर तो खांद्यावरून डोकावत बसेल.

गेले काही रविवार मी घरी आले की तुमची कळी खुलायची. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, तुम्ही लिहिलेला तो स्कॅनरचा ड्रायव्हर आतून कसा चालतो म्हणून. आईने कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र चष्मा पुसलात आणि ओट्यावरचे रिकामे डबे टेबलावर मांडलेत. ड्रायव्हर म्हणजे स्कॅनर आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा. कामापुरती मेमरी तो सिस्टीमकडून मागून आणतो, शेजारणीकडून डबा आणावा तशी, आणि काम झालं की डबा परत. माझ्या ड्रायव्हरने एकही डबा कधी दाबून ठेवला नाही, असं छाती फुगवून सांगितलंत. खरंच आहे ते. मेमरी अडकून राहण्याची तसली गळती तुमच्या कोडमध्ये औषधालाही सापडत नाही.

लहानपणी मी प्रश्न विचारून विचारून तुमचं डोकं खायचे, म्हणून तुम्ही मला भुंगा म्हणायचात. पुढे मी तुमच्याच धंद्यात शिरले, शहाणी झाले आणि विचारायचं सोडलं. तुमचं काम मला जुनाट वाटतं, हे तुम्हाला कळत होतं. त्या पहिल्या रविवारी मी दारात चपला घालत होते, तेव्हा तुम्ही आत आईला म्हणालात, "भुंगा परत आला गं." ते ऐकून जिना उतरणं मला जड गेलं.

कारण मी हौसेने आले नव्हते, बाबा. डबा परत करायला तुम्ही कधी चुकला नाहीत, पण भरण्याआधी तो विसळायचा राहिला. तेव्हाची मशीन मंद, मेमरी पुसण्यात वेळ जायचा. तो वाचवलात म्हणून तर तुमचा ड्रायव्हर चपळ ठरला आणि साहेबांनी पाठ थोपटली. पण स्कॅनरची माहिती अर्धाच डबा भरते. उरलेल्या अर्ध्यात आधीचं खरकटं तसंच राहतं, कुणाचा पासवर्ड, कुणाची खासगी कागदपत्रं, आणि मागेल त्या प्रोग्रॅमच्या हाती ते आयतं पडतं. तो ड्रायव्हर अजून कितीतरी दवाखान्यांत चालतो. हे भगदाड आमच्या टीमच्या तपासणीत मला सापडलं. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत टीमबाहेर चकार शब्द काढायचा नाही, हा आमच्या कामाचा नियम. त्यात तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तुमचं फिरायला जाणारं टोळकं सगळं त्याच ऑफिसातलं. म्हणून मी दुरुस्तीसाठी लागणारी एकेक गोष्ट गोड बोलून तुमच्याकडून काढून घेतली. तुम्ही रंगून सांगत होतात आणि मी मनात टिपून घेत होते. नियम मी पाळला, पुन्हा वेळ आली तरी पाळेन. पण वाईट वाटायचं काही थांबत नाही.

आज सकाळी दुरुस्ती बाहेर पडली. कोडच्या फाइलच्या माथ्यावर तुमचं नाव आहे आणि दुरुस्तीखाली माझं. आडनाव एकच, त्यामुळे लोक चटकन जुळवतील. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. मी एका ओळीची भर घातलीय, बाकी तुमचं सगळं जसंच्या तसं ठेवलंय. रागवायचं तर खुशाल रागवा, अबोला तेवढा धरू नका. रविवारी येतेय. डबे टेबलावर मांडून ठेवाल? पहिल्यापासून सांगा. या वेळी मला काहीच दुरुस्त करायचं नाहीये.

तुमचीच,
भुंगा